रुग्णालयाचा चार्ज देण्यापूर्वी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : शासकीय रुग्णालयांच्या प्रमुखांना पदभार देण्यापूर्वी रुग्णसुरक्षेचे प्रशिक्षण देण्याबाबत.

महोदय,

मी भूलतज्ज्ञ आहे. राज्याच्या आरोग्यसेवेत अठ्ठावीस वर्षे काम करून निवृत्त झाले. त्यांपैकी शेवटची सहा वर्षे एका उपजिल्हा रुग्णालयाची वैद्यकीय अधीक्षक होते. भूल देण्याआधी यंत्र तपासायचे, ऑक्सिजनचा दाब बघायचा, सक्शन चालू करून पाहायचे, राखीव सिलिंडर खरोखर भरलेला आहे ना याची स्वतः खात्री करायची, ही सवय मला शिकत असतानाच लावली गेली होती आणि ती मोडून मी एकही रुग्ण टेबलावर घेतला नाही. ज्या दिवशी शंभर खाटांचे रुग्णालय माझ्याकडे सोपवले गेले, त्या दिवशी मात्र मला कॅशबुक, डेड स्टॉक रजिस्टर, शिक्के आणि किल्ल्यांचा जुडगा मिळाला, चार्ज रिपोर्टवर दोन सह्या झाल्या आणि दुपारपर्यंत मी अधीक्षक झाले. यंत्र तपासायला मला शिकवले होते. रुग्णालय कसे तपासायचे हे कोणी शिकवले नव्हते, आणि ते शिकायचे असते हे मलाही ठाऊक नव्हते.

या पत्रात मी औषधांचा तुटवडा किंवा रिक्त पदे यांविषयी लिहिणार नाही. ते प्रश्न खरे आहेत आणि आपल्यापर्यंत ते रोज पोहोचत असतील. मला सांगायचे आहे ते रुग्णालय चालवणाऱ्या माणसाच्या तयारीविषयी.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. कक्षात 17 बाळे होती. 7 वाचली, 10 दगावली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. 21 एप्रिलला नाशिक महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून 11 जणांचा मृत्यू झाला. भंडाऱ्यापासून नगरपर्यंत दहा महिनेही पूर्ण झाले नव्हते. भंडारा आणि नगर या दोन्ही ठिकाणी आपल्या खात्याची कारवाई झपाट्याने झाली. जिल्हा शल्यचिकित्सकांपासून परिचारिकांपर्यंत अनेकांवर निलंबनाची वा बडतर्फीची वेळ आली, काहींवर गुन्हे दाखल झाले. दोष असेल तिथे शिक्षा व्हावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण भंडाऱ्याच्या त्या कक्षात नेमके काय आणि कशामुळे घडले, हे इतर जिल्हा रुग्णालयांच्या प्रमुखांना समोर बसवून, आपापल्या इमारतीचा नकाशा हातात देऊन समजावून सांगितले गेले असते, तर पुढच्या दहा महिन्यांत किती अधीक्षकांनी आपल्या अतिदक्षता विभागाचा दुसरा दरवाजा उघडतो का हे स्वतः जाऊन पाहिले असते, हा प्रश्न मला आजही सोडत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालके होती. त्यानंतर एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले आणि ते चित्र सर्व वाहिन्यांवरून घराघरांत गेले. लोकांचा संताप मी समजू शकते. परंतु त्या दिवशी राज्यातला प्रत्येक अधिष्ठाता, प्रत्येक अधीक्षक आणि प्रत्येक परिसेविका काय शिकली, याचाही विचार व्हावा. वाईट बातमी वर कळवू नये, एवढेच त्या चित्रातून शिकण्यासारखे होते.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते, कारण तसाच धाक मी स्वतः माझ्या रुग्णालयात पसरवला होता. अधीक्षक झाल्याच्या पहिल्याच वर्षी एका परिचारिकेने औषधाचा चुकीचा डोस दिल्याचे स्वतः येऊन सांगितले. रुग्णाला इजा झाली नव्हती. मी तिला कारणे दाखवा नोटीस दिली. शिस्त म्हणतात ती हीच, अशी माझी समजूत होती. त्यानंतर चार महिने माझ्याकडे एकही चूक नोंदवली गेली नाही आणि मासिक बैठकीत ते मी अभिमानाने सांगितले. मग एका अधिपरिचारिकेची बदली झाली. निरोप घ्यायला ती आत आली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, ‘‘मॅडम, आता सांगते. पावसाळ्यात एका रात्री इंजेक्शन विरघळवायला डिस्टिल्ड वॉटर म्हणून मी पोटॅशियम क्लोराइडची अँप्यूल फोडली होती. दोन्ही एकाच ट्रेमध्ये असतात, दिसतातही सारख्याच. सिरिंज भरून झाल्यावर उजेडात लेबल दिसलं.’’ ते औषध पातळ न करता शिरेतून वेगाने गेले, तर हृदय बंद पडते. तेव्हाच का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, ‘‘तुम्ही मेमो दिला असता.’’

मी खरोखरच दिला असता. त्या रात्रीपासून तिच्या बदलीपर्यंत दोन्ही अँप्यूल प्रत्येक वॉर्डात त्याच ट्रेमध्ये शेजारी शेजारी होत्या, आणि एवढे दिवस रुग्ण वाचले ते केवळ दैव बलवत्तर म्हणून. दुसऱ्याच दिवशी पोटॅशियम क्लोराइडच्या सगळ्या अँप्यूल वॉर्डांतून काढून कुलूपबंद कपाटात ठेवल्या. त्याला निविदा लागली नाही की अनुदान लागले नाही.

त्यानंतर रोज सकाळी आठ वाजता, पाळी बदलताना, मी दहा मिनिटे परिचारिका, कक्षसेवक आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांबरोबर उभी राहू लागले आणि एकच प्रश्न विचारू लागले : रात्री काय थोडक्यात निभावले? पहिले कित्येक दिवस कोणी तोंड उघडले नाही. मग एका कक्षसेवकाने सांगितले की ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर उघडायचा पाना रात्री स्टोअरच्या कुलपात असतो आणि स्टोअरकीपर संध्याकाळी घरी जातात. वर्षानुवर्षे असेच चालत आले होते. मी भूलतज्ज्ञ असूनही मला ते माहीत नव्हते, कारण शस्त्रक्रियागृहात पाना नेहमी जागेवर असे. त्याच दिवशी प्रत्येक सिलिंडरला साखळीने पाना बांधला.

महोदय, हाताखालच्या माणसाला वरच्याची चूक बोलून दाखवता येणे ही सुरक्षेची पहिली पायरी आहे, हे विमानवाहतुकीला फार मोठी किंमत मोजून कळले. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन 583 माणसे मेली. धावपट्टी मोकळी झाली आहे का, अशी शंका एका विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने उड्डाणाआधी काढली होती. अत्यंत ज्येष्ठ अशा कप्तानाने ती बाजूला सारली. अशा अपघातांनंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने बोलायचे कसे आणि ज्येष्ठाने ऐकायचे कसे, हे विषय आले. आपल्या वॉर्डांत ‘सर, हातमोजे बदलायचे राहिले’ असे म्हणण्याची सोय किती परिचारिकांना आहे?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर अतिदक्षता विभागांनी मोठ्या शिरेत नळी घालतानाची पाच साधी पथ्ये पाळायची ठरवली : हात धुणे, निर्जंतुक आवरणे पूर्ण वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या नळ्यांमुळे होणारा रक्तातला जंतुसंसर्ग दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत घटला. ही पथ्ये नवीन नव्हती. प्रत्येक डॉक्टरला ती पाठ होती. पथ्य मोडले तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला आणि रुग्णालयाच्या वरिष्ठांनी तिची पाठराखण करायची असे ठरले, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशात 2014 ते 2016 या काळात 120 आरोग्य केंद्रांत मोठा प्रयोग झाला; त्यांपैकी निम्म्या केंद्रांत सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी वापरली गेली आणि कर्मचाऱ्यांना जागेवर मार्गदर्शन केले गेले. दीड लाखाहून अधिक प्रसूतींचा त्यात अभ्यास झाला. यादी वापरलेल्या केंद्रांत काम करण्याची पद्धत निश्चित सुधारली, पण माता व बालमृत्यूंत फरक पडला नाही आणि मार्गदर्शक येणे थांबल्यावर सुधारलेली पद्धतही काही प्रमाणात ढिली पडली. म्हणून नवी यादी छापून भिंतीवर लावा, अशी मागणी मी करत नाही. आपल्याकडे रुग्णालयांच्या स्वच्छतेसाठी कायाकल्प आहे, राष्ट्रीय गुणवत्ता मानके आहेत, प्रसूतिकक्षांसाठी लक्ष्य कार्यक्रम आहे. त्यांनी रुग्णालये स्वच्छ झाली, नोंदी सुधारल्या, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण पाहणी पथक येण्याआधीच्या पंधरवड्यातले रुग्णालय आणि एरवीच्या मंगळवारी पहाटे तीन वाजताचे रुग्णालय यांत जे अंतर राहते, ते प्रमुखाच्या रोजच्या वागण्याखेरीज दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

बोट न दाखवता चूक शोधण्याची पद्धत आपल्याला परकीही नाही. मातामृत्यू अन्वेषणाच्या मार्गदर्शक सूचनांत दोषारोप टाळून कारणे शोधण्याचे तत्त्व आहे आणि त्यात मृत मातेच्या नातेवाइकांचे म्हणणे जिल्हाधिकाऱ्यांसमोर ऐकून घेण्याची तरतूदही आहे. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून सरकारच्या साथीने मातामृत्यूंचा गोपनीय आढावा घेतला आणि त्यातून निघालेले धडे प्रसूतिगृहांपर्यंत नेले. मातामृत्यूला जो न्याय, तोच आग, ऑक्सिजन, चुकीचे इंजेक्शन आणि खाटेवरून पडलेला वृद्ध यांना लावायचा, एवढीच माझी विनंती आहे. जाणूनबुजून केलेली हयगय, नशेत केलेले काम, खोटी नोंद यांना त्यात संरक्षण नसावे आणि ही सीमारेषा लेखी असावी, म्हणजे परिचारिकेलाही कळेल आणि चौकशी अधिकाऱ्यालाही.

जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि त्यांच्याबरोबर अधिसेविका (मेट्रन) यांना पदभार देण्यापूर्वी किमान तीन आठवड्यांचे प्रशिक्षण सक्तीचे करावे. अधिसेविकेला वगळून ते करू नये, कारण रात्रीचे रुग्णालय तीच चालवते. नागपूरची सार्वजनिक आरोग्य संस्था, पुण्याची यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था आणि नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ या तिघांची ताकद एकत्र आणली, तर नवी संस्था उभारावी लागणार नाही. यातला निम्मा काळ वर्गाबाहेर, एखाद्या चालू रुग्णालयात जावा. ऑक्सिजनची टाकी, मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडलेली यंत्रणा) आणि प्रत्येक मजल्यावरचा बंद करायचा व्हॉल्व्ह यांपर्यंत प्रशिक्षणार्थीने स्वतः चालत जावे. एका रात्री दीड वाजता वीज घालवून नवजात कक्ष रिकामा करण्याचा सराव बाहुल्या घेऊन करावा. एका घटनेचे कारण ‘परिचारिकेचे दुर्लक्ष’ हे शब्द न वापरता शोधून दाखवावे. आणि ज्यांचे मूल गेले आहे अशा आईवडिलांशी खरे कसे बोलायचे, हे शिकवावे. सहा वर्षांत मला सर्वांत जड गेलेले काम ते होते. पुढे वर्षभर अनुभवी अधीक्षकाने दर महिन्याला येऊन सोबत फेरी मारावी, नाहीतर उत्तर प्रदेशात दिसले तेच इथे होईल.

प्रशिक्षण दिलेला माणूस टिकला मात्र पाहिजे. बदल्यांच्या 2005 च्या कायद्यात तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी आहे. रुग्णालयप्रमुखांच्या बाबतीत तो कटाक्षाने पाळावा आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ देऊन एका माणसावर दोन रुग्णालये टाकणे थांबवावे. वैद्यकीय शिक्षण विभाग आणि महापालिकांची रुग्णालये आपल्या खात्याबाहेर आहेत, तरी नांदेड आणि नाशिक त्यांच्याकडेच घडले, म्हणून हे प्रशिक्षण तिघांचे मिळून असावे, यासाठी आपणच पुढाकार घ्यावा.

शेवटची विनंती शिक्षकांविषयी आहे. भंडारा, नाशिक, नगर इथे त्या दिवशी कामावर असलेल्यांपैकी जे यायला तयार असतील, त्यांना पहिल्या तुकडीसमोर बोलावावे आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याविरुद्ध वापरले जाणार नाही, असे लेखी आश्वासन आपल्या सहीने द्यावे. कोणता दरवाजा उघडला नाही, कोणाला फोन लागला नाही, आधीच्या महिन्यात कोणती शंका मनात येऊनही बोलली गेली नाही, हे त्यांच्याइतके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. माझ्या अँप्यूलची आणि त्या नोटिशीची हकिगत सांगायला मीही येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय अधीक्षक