रूळांपाशी जाण्याआधी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मैत्रिणींबरोबर टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे भुताचे रूळ बघायला जायचं म्हणतेस, जरूर जा. पण त्या रूळांवरून मालगाड्या आजही जातात, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

शहराच्या दक्षिणेला शेन रोड आणि व्हिलामेन रोड मिळतात, तिथलं ते फाटक. शाळेची बस रूळांवर बंद पडली, आगगाडीने तिला उडवलं, मुलं गेली. तेव्हापासून रूळांआधी कुणी गाडी न्यूट्रलला ठेवून उभं राहिलं की ती मुलं गाडी चढावरून ढकलत सुखरूप पलीकडे नेतात, अशी तिथली कथा. डिकीवर पावडर टाकली तर चिमुकले पंजे उमटतात म्हणे. जवळच्या वस्तीत सिंडी सू वे, बॉबी ॲलन वे अशा गल्ल्या आहेत, त्याही त्याच मुलांच्या नावाच्या असं सांगतात. प्रत्यक्षात ती नावं वस्ती बांधणाऱ्याच्या नातवंडांची.

सॅन अँटोनियोत असा अपघात झालाच नाही. झाला तो युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीजवळ, 1 डिसेंबर 1938 रोजी. बर्फाच्या वादळात समोरचं धड दिसत नव्हतं, बस रूळांवर आली आणि मालगाडीने तिला धडक दिली. बसचालक आणि वीसहून जास्त मुलं गेली. सॅन अँटोनियोच्या वर्तमानपत्रांनी त्या बातम्या कित्येक दिवस सविस्तर छापल्या, आणि दूरचं दुःख हळूहळू गावच्या फाटकाला येऊन चिकटलं. आजही अमेरिकेत शाळेची बस रूळांआधी थांबते, चालक दार उघडून कानोसा घेतो आणि मगच पुढे जातो. तुझ्यासमोर कधी बस अशी थांबली तर मागून हॉर्न वाजवू नकोस.

आता गाडी आपोआप चढ चढते त्याबद्दल. ती चढत नाही, उतरत असते. क्षितिज झाडीने किंवा टेकडीने झाकलं गेलं की सपाट काय ते ठरवायला डोळ्याला आधार उरत नाही. त्यात दोन जास्त तीव्र उतारांच्या मधे सौम्य उताराचा तुकडा आला तर तो चढ वाटू लागतो. तिरकी झाडं आणि कुंपणाचे खांब भ्रमात भर घालतात. इटलीत पाओला ब्रेसान आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये टेबलावर छोटे रस्ते मांडून हाच भ्रम मुद्दाम घडवून दाखवला. लेहहून कारगिलच्या वाटेवरची मॅग्नेटिक हिल यातलीच. तिथे श्रेय चुंबकाला देतात, पण प्लॅस्टिकचा चेंडूही त्याच दिशेला जातो.

उतार किती लागतो तेही बघ. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाकांचा अडथळा गाडीच्या वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का असतो. म्हणजे शंभर मीटरला दोन मीटर उतार असला तरी गाडी हलते आणि पन्नास मीटरमध्ये ताशी दहाएक किलोमीटरचा वेग घेते. एवढा उतार डोळ्याला सहज फसवतो.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे हिरमोड व्हायचा नाही. 2018 मध्ये तिथे रूळांचं मोठं काम झालं आणि रस्त्याची पातळी बदलली. जुने व्हिडिओ बघून जाशील तर गाडी तशी सरकणार नाही.

तरी मोजायचंच असेल तर फोनवर विसंबू नकोस. जीपीएसची उंची काही मीटरने चुकते, आणि इथला सगळा फरकच मीटर-दोन मीटरचा. फोनमधली पाणसळही कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे तिरकी बसते. वापरायचीच तर एकदा वाचून, फोन जागच्या जागी उलट दिशेला फिरवून पुन्हा वाचायची आणि दोन्हींचं मधलं धरायचं. रस्त्यावर पाणी ओतून बघतात तेही फसवं. पाणी निघण्यासाठी रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता केलेला असतो, तो आडवा उतारही दोनेक टक्के असतो, त्यामुळे पाणी आधी कडेलाच पळतं.

आपले गवंडी वापरतात ती पाण्याची नळीच बरी. आठ मिलिमीटरची पारदर्शक नळी, बारा मीटर लांब. बादलीतून पाणी ओढून भर आणि नखाने टिचक्या मारत सगळे बुडबुडे वर काढ. एक बुडबुडा अडकला तरी दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून खात्री कर. मग दोघींनी दहा मीटर अंतरावर उभं राहून टोक रस्त्यावर उभ्या धरलेल्या पट्टीला टेकवायचं आणि अंगठा काढून पाणी स्थिरावल्यावर वाचायचं. रस्त्यापासून पाणी जिथे जास्त उंच, तिथे रस्ता खाली. एकीकडे 95 सेंटिमीटर आणि दुसरीकडे 75 आलं, तर दहा मीटरमध्ये वीस सेंटिमीटरचा उतार, म्हणजे बरोबर दोन टक्के. हे काम दिवसा, रहदारी नसताना आणि रूळांपासून लांब करायचं.

पावडरचा प्रयोग तर तुझ्या पार्किंगमध्येच कर. डिकीचं झाकण अर्धं भांड्यांच्या साबणाने धुऊन, हातमोजे घालून स्वच्छ फडक्याने कोरडं कर, अर्धं तसंच ठेव. दोन्ही भागांवर टाल्कम पावडर भुरभुरव, जादाची फुंकरीने उडव आणि टॉर्च आडवा धरून बघ. न धुतलेल्या भागावर बोटंच बोटं दिसतील. डिकी उघडताना-मिटताना घामाचा आणि तेलाचा थर राहतो, पावडर त्यालाच धरते. मोठ्या माणसाचीही फक्त बोटांची टोकं टेकतात, म्हणून ठसा लहान मुलाचा वाटतो. धुतलेल्या भागावर काही उमटलं तर पुसताना कुणाचा तरी उघडा हात लागला असेल.

गाडी न्यूट्रलला ठेवून सोडायचा मोह झाला तर सोडून दे. टेक्सासमध्ये उतारावर गाडी न्यूट्रलला सोडणं कायद्याने मना आहे. इंजिन बंद केलं तर ब्रेकला पायाची कितीतरी जास्त ताकद लागते आणि स्टिअरिंगही जड होतं. त्यातून ऑटोमॅटिक गाडी चुकून 'डी'मध्ये राहिली तर ती नुसत्या इंजिनाच्या जोरावरच पुढे सरकते, आणि सगळ्या किंचाळत बसतात. रूळांच्या पंधरा फुटांच्या आत तर गाडी उभीच करू नकोस. ताशी 55 मैलांनी येणाऱ्या मालगाडीला थांबायला मैलभर किंवा जास्तही लागतो, चालकाने तुम्हाला पाहिलं तरी उपयोग नसतो.

गाडी रूळांवर अडकलीच तर सामान आणि फोनचा चार्जर शोधत बसू नका. सगळ्यांनी उतरायचं, रूळांपासून बाजूला आणि आगगाडी जिकडून येते त्या दिशेलाच तिरकं पळायचं. धडकेनंतर तुकडे आगगाडीच्या पुढच्या दिशेला उडतात, म्हणून तिच्याकडे तोंड करून पळायचं. मग फाटकाजवळ निळी पाटी असते, तिच्यावरच्या नंबरला फोन करून पाटीवरचा फाटक-क्रमांक सांगायचा. पोचल्यावर सगळ्यात आधी ती पाटी शोध आणि तिचा फोटो काढून मला पाठव.

तुझी,
आई