‘तू’ पासून ‘तुम्ही’ पर्यंत: डेमियन डफ यांना आभाराचं पत्र

प्रिय डेमियन डफ,

पत्राच्या मायन्यालाच अडलोय. तुला ‘तू’ म्हणायचं की तुम्हाला ‘तुम्ही’? इंग्रजीत ही कटकट नाही, आमच्याकडे आहे. मराठी माणूस मैदानावरच्या खेळाडूला बिनदिक्कत अरे-तुरे करतो. सचिनला कुणी ‘अहो सचिनराव’ म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण शिकवणारा समोर आला की जीभ आपोआप वळते. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे तालमीत शिकवतो तो वस्ताद, आणि वस्तादाला ‘तू’ म्हणायची कुणाची टाप नसते. म्हणून असं करतो: आयर्लंडकडून बूट घालून फुटबॉल खेळत होतास तोवर तू, प्रशिक्षकाची शिट्टी हातात आली तिथून तुम्ही. मधे घोटाळा झाला तर सांभाळून घ्या.

११ जून २००२. फुटबॉलचा विश्वचषक चालू. शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेले, बाहेर पावसाची पहिली सर आणि लाइट जाते की काय याची धास्ती. पेठेत ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या बाहेरच्या खोलीत आम्ही बारा-पंधरा पोरं. निम्मी ब्राझीलची, निम्मी अर्जेंटिनाची. कोल्हापुरात तिसरा पक्ष नसतो. आयर्लंड-सौदी अरेबिया हा सामना केवळ टीव्ही चालू होता म्हणून बघितला. योकोहामात शेवटची काही मिनिटं उरली असताना तू तिसरा गोल मारलास. खरं सांगायचं तर तो निम्मा गोलकीपरनेच दिला, चेंडू त्याच्या हातातून निसटला. पण त्यानंतर तू प्रेक्षकांपुढे उभा राहून जपानी रीतीने कमरेत वाकून नमस्कार केलास, आणि आमच्या खोलीत हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीत गोल झाला की मीही तसाच वाकायला लागलो.

मी डाव्या पायाचा. तुझ्यासारखाच लेफ्ट आउट. आणि घुम्या. वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही माझा घसा बसायचा. मैदानावर चेंडू मागायला तोंड उघडावं लागतं, तेही माझ्याने होत नसे. मोकळ्या जागेत जाऊन उभा राहायचो आणि कुणाची नजर पडेल याची वाट बघायचो. पाच दिवसांनी कोरियात सुवॉनला स्पेनविरुद्ध तू त्यांच्या बचावफळीची जी दैना केलीस, ती बघून वाटलं, न बोलताही हा खेळ खेळता येतो. एक पेनल्टी तर तुझ्यामुळेच मिळाली. ती हुकली, पुढे टायब्रेकरमध्ये सामनाही गेला. आमच्या खोलीत आता आयर्लंडचा एक माणूस झाला होता.

पुढची वर्षं मी पेपरातल्या चार ओळींतून आणि रात्रीच्या सामन्यांतून तुझा माग काढत राहिलो. २००३ मध्ये ब्लॅकबर्नहून चेल्सीने तुला १ कोटी ७० लाख पौंडांना नेलं. २००५ ला चेल्सीला ५० वर्षांनी इंग्लंडची लीग मिळाली, एका बाजूने तू आणि दुसऱ्या बाजूने रॉबेन. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ही कौतुकाची वर्षं सगळ्यांना पाठ आहेत, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मला जवळची वाटते ती मे २००९ ची दुपार. तुझा तेव्हाचा संघ न्यूकॅसल खालच्या श्रेणीत ढकलला जायच्या काठावर, अॅस्टन व्हिलाच्या मैदानावर शेवटचा सामना, आणि त्यांच्या गॅरेथ बॅरीचा फटका तुझ्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात. ०-१. संघ गेला. त्याच सुमाराला एका पावसाळी सामन्यात माझा डावा गुडघा कायमचा गेला. वर्षभराने हॅम्बुर्गला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात फुलहॅमच्या पांढऱ्या शर्टात तू धावताना दिसलास. जादा वेळेत अॅटलेटिको माद्रिदने तुम्हाला हरवलं. तरी ज्याच्या पायाला लागून एक संघ बुडाला, तोच माणूस वर्षाच्या आत युरोपच्या अंतिम सामन्यात उभा होता. मी तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून पलंगावर होतो. त्या रात्रीबद्दल पहिला धन्यवाद घे.

२०१२ ला पोझनानमध्ये इटलीविरुद्ध तुझा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना झाला, त्यात कप्तानही तूच. मग मेलबर्न, आणि २०१५ मध्ये घरी, डब्लिनला, शॅमरॉक रोव्हर्सकडे. त्या डिसेंबरात तू बूट ठेवलेस.

इथून तुम्ही.

२०१८ मध्ये नोकरीसाठी मी डब्लिनला आलो. ऑफिसात फुटबॉलचा विषय निघाला, तुमचं नाव मी काढलं, तर एक सहकारी म्हणाला, ‘तो पंधरा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो, सकाळी सहाला.’ मला वाटलं चेष्टा करतोय. डिसेंबरात इथे सूर्य साडेआठनंतर उगवतो. म्हणजे अडीच तास काळोख, गवतावर दहिवर, आणि त्यात शाळेआधी प्रॅक्टिसला आलेली रोव्हर्सची पोरं. पहाटेचं आम्हाला नवल नाही, तालमीत पहाटेच घाम काढतात. नवल वस्तादाचं होतं. दोनदा इंग्लंडची लीग जिंकलेला माणूस टीव्हीवर बसून पोट भरू शकत असताना पोरांसाठी अंधारात उभा राहतो, हे माझ्या हिशोबात बसेना.

मग स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबच्या राखीव संघाचे प्रशिक्षक झालात, तिथून मुख्य संघात; मग स्टीफन केनींच्या हाताखाली राष्ट्रीय संघात, आणि २०२१ च्या जानेवारीत तेही सोडलंत. एका जागी तुमचा पाय टिकत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. पण तिथून तुम्ही गेलात कुठे? डब्लिनच्याच शेलबर्न क्लबच्या सतरा वर्षांखालच्या संघाकडे. देशाच्या संघातून उठून पुन्हा पोरांत. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात क्लबने मुख्य संघ तुमच्या हाती दिला.

२०२२ च्या सुरुवातीला आमच्या वसाहतीतल्या क्लबात माझी मुलगी खेळायला जाऊ लागली, आठ वर्षांखालच्या संघात. तिथल्या एका पालकाने विचारलं, ‘तू खेळलायस म्हणे. मदत करशील?’ मी तत्काळ नाही म्हटलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण घशात होतं. माझं इंग्रजी ऑफिसात चालतं, मीटिंगमध्ये चालतं. पण मैदानावर ओरडायचं इंग्रजी वेगळं असतं, ते विचार करून येत नाही. तोंड उघडलं की माझ्या तोंडून ‘अरे माग ये की’ निघणार, आणि वीस पोरं आणि त्यांचे आईबाप माझ्याकडे बघत राहणार.

त्याच वसंतात पहिल्यांदा शेलबर्नच्या मैदानावर, टोल्का पार्कला आलो. रिचमंड रोडवरची घरं ओलांडली की एकदम स्टँड लागतो, मागे टोल्का नदी. रंग उडालेल्या खुर्च्या बघून मला कोल्हापूरचं शाहू स्टेडियमच आठवलं. नशिबाने जागा तुमच्या बाकाच्या मागे मिळाली. सामना मी निम्माच बघितला, उरलेला वेळ तुम्हाला ऐकत होतो. मुलाखती टाळणारा, झोपाळू म्हणून सगळ्या आयर्लंडला ठाऊक असलेला लाजरा माणूस नव्वद मिनिटं गप्प बसत नव्हता! दर पासाला एक शब्द. कधी नाव, कधी नुसतं ‘हां’. चौथ्या पंचाशी तुम्ही घातलेली हुज्जत मला तेव्हाही आवडली नाही, आजही आवडत नाही. पण उत्तरार्धात तुमचा आवाज बसला. पुरता चिरका झाला. तरी तुम्ही त्या फाटक्या आवाजात बोलत होता, आणि कुणी हसत नव्हतं. कोपऱ्यातला बॅक मान वळवून ते ऐकत होता, दोन पावलं आत सरकत होता.

सोमवारी मी क्लबला ईमेल केला. मग गार्डांकडून, म्हणजे इथल्या पोलिसांकडून, तपासणी, बालसुरक्षेचा वर्ग, आयरिश फुटबॉल संघटनेचा पहिला प्रशिक्षण कोर्स. पहिल्या शनिवारी व्हायचं तेच झालं. एका पोरीकडे चेंडू गेला आणि मी कोल्हापुरी आवाजात ओरडलो, ‘पास दे!’ तिने दिला. आवाजावरून कळलं असेल. मी चार महिने असल्याच दोन शब्दांना घाबरत होतो.

त्याच वर्षी नोव्हेंबरात अविवा स्टेडियमवर आयर्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात डेरी सिटीने तुम्हाला ४-० ने धुतलं. मुलगी सोबत होती, परतताना बसमध्ये एक अक्षर बोलली नाही. २००६ मध्ये शेलबर्नने आयर्लंडची लीग जिंकली आणि पैशांच्या घोळात लगेच खालच्या श्रेणीत गेलं. त्या जखमेवर अजून खपली धरलेली नव्हती, हे आजूबाजूच्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं.

आणि मग १ नोव्हेंबर २०२४. लक्ष्मीपूजन. घरात पाहुणे, बैठकीत फराळ, दारात पणत्या (वाऱ्याने तीनदा विझलेल्या), आणि मी स्वयंपाकघरात फ्रिजवर लॅपटॉप ठेवून उभा. पुन्हा डेरी, या वेळी त्यांच्याच मैदानावर, लीगचा शेवटचा सामना. शॅमरॉक रोव्हर्स सलग पाचव्या विजेतेपदासाठी टपलेले. बायको दोनदा आत येऊन बघून गेली, तिसऱ्यांदा काही न बोलता चिवड्याचा डबा उचलून गेली. म्हणजे वातावरण गंभीर होतं. ८५ व्या मिनिटाला हॅरी वूडने गोल मारला. शेलबर्न १८ वर्षांनी विजेते. मी कोल्हापूरला मित्राला फोन लावला, त्याच केबलवाल्या खोलीतला एक. तिकडे पहाटेचे तीन, पाडवा उजाडायचा होता. तो म्हणाला, ‘वेड लागलंय का तुला?’ मग थोडं थांबून, ‘वाकून नमस्कार केला का रं त्यानं?’

२०२५ च्या जूनमध्ये तुम्ही शेलबर्न सोडलंत तेव्हा मात्र मी तुमच्यावर चिडलो होतो. चॅम्पियन्स लीगची पात्रता फेरी तोंडावर आलेली असताना असं उठून जायचं? तुमचे सहायक जोई ओब्रायननी संघ सांभाळला, त्या फेरीत लिनफिल्डला हरवलंही. तरी पुढच्या सामन्याला त्या बाकाकडे बघवेना. माझा राग कमी झालाय, गेलेला नाही. आभाराच्या पत्रात हे लिहू नये म्हणतात, पण वस्तादाशी खोटं कसं बोलायचं?

हल्ली तुमच्याकडे वेळ असेल, म्हणून एक सुचवतो. शनिवारी सकाळी दहाला आमच्या पोरांचा सामना आहे. या, कुंपणाला टेकून उभे राहा, कुणी ओळखलंच तर मी सांभाळून घेईन. आणि नऊ-दहा आयरिश पोरं एकमेकांना ‘माग ये, माग ये’ असं काहीतरी ओरडताना ऐकू आली तर बिचकू नका. ते मराठी आहे. त्यांनी ते माझ्याकडून उचललंय.

तुमचा,
टोल्का पार्कात बाकामागे बसणारा एक कोल्हापूरकर