तीनशे थेंबांचा घाट

कोल्हापूर,
३ ऑगस्ट २०२५

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला वसतिगृहावर सोडून आम्ही परतलो त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत तू फोनवर माझ्याशी मेसबद्दल, पावसाबद्दल आणि आजीच्या गुडघ्याबद्दल बोललास. पण निघण्याच्या आदल्या रात्री आपल्यात जे झाले त्याचा विषय तूही काढला नाहीस आणि मीही काढला नाही. फोनवर मला मनातले धड सांगता येत नाही, म्हणून सईच्या राखीच्या पाकिटातच हे पत्र घालतो आहे.

त्या रात्री मी तुझ्या घाटाला, स्क्रॅचमध्ये रंगीत ब्लॉक जोडून तू घडवत आलेल्या त्या संगणकावरच्या खेळाला, ‘लहान मुलांचे खेळणे’ म्हणालो. तो शब्द मी मागे घेतो. ज्या कामाकडे आपण पाच मिनिटेही नीट पाहिलेले नाही त्याला नाव ठेवण्याचा अधिकार बापालाही नसतो, आणि तीन वर्षांत मी ते काम कधी नीट पाहिले नव्हते.

गेल्या रविवारी मी सईला शेजारी बसवून तुझा जुना संगणक सुरू केला. तिने स्क्रॅच उघडून हिरव्या झेंड्यावर क्लिक केले, आणि आपली लाल एसटी आंबा गाव सोडून साखरप्याच्या दिशेने घाट उतरू लागली. आधी मी खेळच पाहत होतो. मग सईने आतले ब्लॉक उघडून दाखवले आणि मी खुर्ची पुढे ओढली. तुझा रस्ता म्हणजे चित्र नाही. तो क्षणाक्षणाला पेनने नव्याने काढला जातो, आणि त्याची प्रत्येक आडवी रेघ दूर जाताना आखूड होत क्षितिजावरच्या एकाच बिंदूकडे जाते. तू सहावीत असताना जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर चिकटवून मी तुला तो बिंदू कसा धरायचा ते दाखवले होते. तेव्हा तुझे लक्ष खिडकीतल्या मांजराकडे होते, असे मी आजवर समजत होतो.

पावसाचे गणित मात्र सईने समजावले. स्क्रॅचमध्ये एका वेळी ३०० पेक्षा जास्त क्लोन, म्हणजे एकाच चित्राच्या चालत्या प्रती, होत नाहीत. त्यातले २४० तू पावसाला दिलेस, ४० धुक्याला, आणि उरलेले २० समोरून येणाऱ्या ट्रकना. तळाशी पोहोचलेला थेंब तू नष्ट करत नाहीस, त्यालाच पुन्हा वर पाठवतोस. त्यामुळे तेच २४० थेंब पडत राहतात आणि पाहणाऱ्याला धो-धो पाऊस दिसतो. मी तेवढा भाग चार वेळा पाहिला. एखाद्या साच्यात धातू कमी असताना कास्टिंग पुरे करून दाखवणारा जुना मोल्डर मला आठवला, आणि तुझ्या आईला हाक मारून मी तिलाही ते पाहायला लावले.

आता आपल्या वादाकडे येतो. तुझे म्हणणे असे होते की जे साधन मुलाला पहिला खेळ करायला शिकवते त्याने त्याला मोठा खेळही करू द्यावा. ४८० बाय ३६० बिंदूंची स्टेज, सेकंदाला ३० फ्रेम आणि ३०० क्लोन ही बंधने मुलांच्या नावाखाली घातलेली असली, तरी ती मुलांनाच आडवी येतात. मी तेव्हा ते ऐकूनच घेतले नाही. या बारा दिवसांत मात्र रोज रात्री थोडे वाचले, आणि तुझी बाजू मला वाटली त्यापेक्षा भक्कम आहे हे मान्य करतो.

१९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही संगणकाची भाषा तयार झाली. तिच्या निर्मात्यांपैकी एक असलेले सेमूर पेपर्ट यांचे म्हणणे असे होते की अशा साधनाची जमीन खाली असावी, म्हणजे कोणालाही आत पाऊल टाकता येईल, आणि छत उंच असावे, म्हणजे आत आलेल्याचे डोके कुठे आपटणार नाही. त्यांच्याच परंपरेतल्या मिचेल रेझ्निक यांच्या गटाने एमआयटीत स्क्रॅच घडवले. रेझ्निक यांनी त्यात तिसरी गोष्ट जोडली, ती म्हणजे भिंतीही दूरदूर असाव्यात, म्हणजे एकाला खेळ, दुसऱ्याला गोष्ट, तिसऱ्याला संगीत करता येईल. छतही एकदा ठरले ते कायमचे, असे नव्हते. २००७ मध्ये स्क्रॅच लोकांपुढे आले तेव्हा त्यात क्लोनही नव्हते आणि स्वतःचा ब्लॉक बनवण्याची सोयही नव्हती. ती २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. म्हणजे तुझ्या घाटातला एकही थेंब पहिल्या आवृत्तीत या रीतीने पडला नसता. गेममेकरची हकीकत तर सरळ तुझ्याच बाजूची आहे. उत्रेख्त विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ओव्हरमार्स यांनी १९९९ मध्ये ते साधे, नवशिक्याला माउसने ओढून-सोडून वापरता येईल असे साधन म्हणून आणले, आणि त्याच साधनाच्या पुढच्या रूपात २०१५ मध्ये टोबी फॉक्स यांनी ‘अंडरटेल’ हा जगभर गाजलेला खेळ केला. तेव्हा ‘नवशिक्यांच्या साधनात गंभीर काम होत नसते’ हे माझे वाक्य चूक होते.

तरीही तुझ्या म्हणण्याला माझी पूर्ण संमती नाही, आणि त्याचे कारण चिन्मयी आहे. मामाकडची ती आठ वर्षांची पोर परवा टॅबवर मांजर नाचवत बसली होती. डाव्या बाजूला ब्लॉकचे नऊ रंगीत गट असतात, आणि तेवढ्यातही तिचे बोट बराच वेळ हवेतच फिरत होते. तुला हवे आहे ते सगळे, त्रिमिती, प्रकाश, सावल्या, टकरींचे हिशेब, त्या पट्टीत भरले तर त्या बोटाला उतरायला जागाच सापडणार नाही. शाळेतले जुने संगणक आणि एका यंत्रावर बसलेली तीन-तीन मुलेही मला दिसतात; ३०० ची मर्यादा त्या यंत्रांचा श्वास कोंडू नये म्हणूनही उपयोगाची आहे. शिवाय, अगदी खरे सांगायचे तर, मर्यादा नसती तर तू तीन हजार थेंब टाकून मोकळा झाला असतास, आणि तोच थेंब वर पाठवण्याची युक्ती तुला सुचली नसती.

मला पटलेली वाट स्क्रॅचमध्येच आहे. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत पेनचे ब्लॉक मुख्य पट्टीतून काढून खाली कोपऱ्यातल्या बटणामागे ठेवले आहेत. ज्याला लागतील तो ते उघडतो. माझ्या कंपासपेटीलाही खालचा खण होता आणि पहिल्या वर्षी आमच्या सरांनी तो आम्हाला उघडू दिला नव्हता. अवजार वाढावे, पण खाली, खणात वाढावे. आणि त्याही खणाला तळ असावा. स्क्रॅचने सगळ्या जगाचे खेळ घडवणारे इंजिन होऊ नये. जिथे त्याचे काम संपते तिथे त्याने मुलाला पुढचे दार दाखवावे आणि त्याने केलेले काम शक्य तेवढे सोबत नेऊ द्यावे. आज तिथे दाराऐवजी भिंत आहे. तुझे तीन वर्षांचे ब्लॉक गोडोमध्ये, म्हणजे मोठे खेळ घडवण्याच्या इंजिनात, उचलून नेता येत नाहीत, ही तुझी तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

इथेच थांबायचे असे ठरवून बसलो होतो, पण ज्या गोष्टीची मला भीती वाटते ती लिहिल्यावाचून राहवत नाही.

पाडव्याच्या दिवशी, बारावीची परीक्षा संपून सीईटी तोंडावर असताना, तू गोडो उघडले होतेस. मी पेपर वाचत होतो, पण माझे लक्ष तुझ्याकडेच होते. बस वर न्यावी म्हणून तू वायची, म्हणजे उभ्या दिशेच्या आकड्याची, किंमत वाढवलीस आणि बस खाली गेली. स्क्रॅचमध्ये शून्य स्टेजच्या मधोमध असते आणि वाय वरच्या दिशेने वाढतो. गोडोमध्ये शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतो. “हे सगळे उलटेच आहे,” असे म्हणून तू अर्ध्या तासात ते बंद केलेस आणि पुन्हा घाटात जाऊन बसलास. तुझी मान तेव्हा कशी ताठ झाली होती ते मी पाहिले. ती मान माझी आहे, ओंकार.

१९९६ साली आमच्या फाउंड्रीच्या ड्रॉइंग विभागात दोन संगणक आले आणि त्यांवर ड्रॉइंग काढायचे ऑटोकॅड आले. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि शिरोली एमआयडीसीत माझ्या रेघेला नाव होते. पॉइंट तीन, पॉइंट पाच, पॉइंट सात अशी पेने मी स्वतः धुवायचो, आणि दुसऱ्या विभागातले लोक माझे ड्रॉइंग बोर्डावर असताना मुद्दाम पाहायला यायचे. चार वर्षे मी त्या संगणकांना हात लावला नाही. मी म्हणायचो की हे टायपिंगचे काम आहे, यात हात कुठे आहे. कास्टिंगची भिंत दोन मिलिमीटरने वाढवायची झाली की मी ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरडत बसायचो, आणि शेजारचा नवा मुलगा दहा मिनिटांत नवी प्रिंट काढायचा. पुढे तोच माझा साहेब झाला. मला ते शिकता येणार नव्हते असे मुळीच नव्हते. बोर्डासमोर मी ज्याच्याकडे पाहायला लोक येतात असा माणूस होतो, आणि त्या पडद्यासमोर मी साधी रेघ कुठून काढायची हे विचारणारा माणूस होणार होतो. तेवढ्यासाठी मी चार वर्षे घालवली. तुझ्या आईलाही हे मी कधी या शब्दांत सांगितलेले नाही.

म्हणून तू जेव्हा म्हणालास की टर्बोवार्पवर, म्हणजे स्क्रॅचचेच खेळ जास्त वेगाने चालवणाऱ्या साधनावर, हाच घाट सेकंदाला ६० फ्रेमने पळतो, तिथे तीनशेची मर्यादाही उठवता येते, मग दुसरीकडे जायचेच कशाला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला आणि तोंडातून नको तो शब्द गेला. छत उंच झाल्याचा मला आनंदच आहे. पण प्रत्येक वेळी छत थोडे वर गेले की तुला तिथेच राहण्याचे आणखी एक कारण मिळेल, असे मला वाटते. तुला तिथे कोणी नवशिका म्हणत नाही. ठिकठिकाणची मुले तुझा घाट उघडून आत काय आहे ते पाहतात, त्यात आपले बदल करून रीमिक्स करतात, तुला प्रश्न विचारतात. दुसरीकडे पहिले सहा महिने कोणी काही विचारणार नाही, आणि तुझी बस खाली जात राहील.

पाहा, पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर. तू अठरा वर्षांचा आहेस, कॉलेजचा अभ्यास आहे, आणि कोणत्या साधनात काय करायचे हे तुझे तुला ठरवायचे आहे. गोडो फुकट आहे म्हणून घ्यावेच असे नाही, आणि घाट सोडावा असे तर मी मुळीच म्हणत नाही. तिसरे वळण अजून पुरे व्हायचे आहे. तिथे दरीच्या बाजूचा कठडा मधेच संपतो आणि बस हवेत जाते. ते पुरे कर. माझे म्हणणे एवढेच, की ते तिथे राहण्याच्या ओढीने होऊ दे, दुसरीकडे चुकण्याच्या भीतीने नको. मला त्या दोहोंतला फरक कळायला चार वर्षे लागली.

घरी सगळे ठीक आहे. आजीला काठी घ्यायची नाही, काका म्हणाले तरी नाही. पंचगंगेचे पाणी वर चढले आहे, पण आपल्याकडे काळजीचे कारण नाही. तुझा संगणक मी झाकून ठेवलेला नाही, सई रोज वापरते. तिने घाटाचे रीमिक्स करायला घेतले आहे. त्यात एसटीऐवजी आजीची पालखी उतरवायची आहे, आणि पालखी वाहणारी चार माणसे तिला क्लोनमधून हवी आहेत. तुझे ३०० आधीच पुरे झालेले असल्यामुळे चार थेंब काढायचे की चार ट्रक, हे तिला ठरवता येत नाही. तुला विचारल्याशिवाय मी तिला कशाला हात लावू दिलेला नाही. तेव्हा उत्तर कळव.

तुझा,
बाबा

ता. क. — गोडो पुन्हा उघडलेस का, हे मी विचारणार नव्हतो. आईला सांगितलेस तरी चालेल, ती मला सांगेल.