वाचणारे आहेत तोवर नोट्स वाचवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी तीस वर्षं सरकारी नोकरीत स्टेनो होतो, आमच्या शेजारी तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक राहायचे. मागच्या महिन्यात सर गेले. त्यांच्या लेक्चरच्या नोट्स, माळ्यावरची दोन पोती, घरच्यांनी कॉलेजला देऊ केल्या तर उत्तर आलं की छापील पुस्तकं असली तर द्या, हाताने लिहिलेलं ठेवायला जागा नाही. मग रद्दीवाल्याला फोन झाला, तेव्हा मीच पोती उचलून घरी आणली.

मी स्टेनो म्हणून सरांनी मला एकदा एडमंड हुसर्लची गोष्ट सांगितली होती. हा जर्मनीत फ्रायबुर्गला तत्त्वज्ञानाचा प्रोफेसर होता आणि लेक्चर, टिपणं बहुतेक सगळं शॉर्टहँडमधे लिहायचा, गाबेल्सबेर्गर पद्धतीच्या. १९३८ च्या एप्रिलमधे तो वारला तेव्हा मागे सुमारे ४०,००० पानं होती, पण माणूस जन्माने ज्यू आणि राज्य नाझींचं, म्हणजे कागद कधीही जाळले गेले असते. त्याच उन्हाळ्यात व्हान ब्रेडा नावाचा २७ वर्षांचा बेल्जियन पाद्री पीएचडीच्या कामाला तिथे आला, गठ्ठे बघितले, हुसर्लच्या बायकोशी बोलला आणि बर्लिनच्या बेल्जियन वकिलातीमार्फत सगळं बेल्जियमला लूव्हेनला पोचवलं. अजून तिथेच आहे.

पण मला खरं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कागद वाचले तरी ते वाचणार कोण? प्रत्येक स्टेनोच्या स्वतःच्या खुणा असतात हो, माझ्याच जुन्या वहीतलं मला आता लागत नाही. तिथे फिंक आणि लांडग्रेबे हे हुसर्लचेच जुने असिस्टंट लूव्हेनला आले, त्यांना त्याचं अक्षर माहीत होतं, ते बसून साध्या लिपीत उतरवायला लागले. १९५० पासून त्यातूनच चाळीसच्या वर खंड छापून आलेत.

आमच्या सरांचं शॉर्टहँड नव्हतं, पण ‘प्रा.’ असं नुसतं लिहून पुढे जायचे. ते प्रामाण्य (ज्ञानाचा खरेपणा) की प्रागभाव (वस्तू होण्याआधीचं तिचं नसणं) हे मला कसं कळणार, त्यांच्या वर्गात बसलेल्यालाच कळेल, आणि ते विद्यार्थीही आता साठी-सत्तरीचे झालेत. विद्यापीठांनी निदान एक खोली, एक स्कॅनर आणि अशा जुन्या विद्यार्थ्यांना जायचा-यायचा खर्च एवढं तरी द्यावं, आणि ते याच वर्षी. तोपर्यंत सरांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचलं तर रविवारी सकाळी माझ्याकडे या, टेबल मोकळं करून ठेवलंय, पहिली वही न्यायदर्शनाची आहे.

एक निवृत्त स्टेनो, सांगली