केसपेपरवर एक प्रश्न वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडच्या ग्रामीण रुग्णालयात बर्ड फ्लूची तयारी म्हणून एक खोली रिकामी केली, बाहेर आयसोलेशनचा बोर्ड लावला, फोटो ग्रुपवर पडले. चांगलंय, नाही म्हणत नाही. पण मी स्टाफ नर्स म्हणून रिटायर झालेली बाई, बरीच वर्षं ओपीडीत काढली, म्हणून विचारते की पेशंट त्या खोलीपर्यंत पोचणार कसा? तो काय कपाळावर बर्ड फ्लू लिहून येत नाही. ताप, खोकला, अंगदुखी, कधी डोळे लाल, एवढंच घेऊन येतो, सोमवारच्या बाजारच्या गर्दीत डॉक्टर दोन मिनिटं बघणार, पॅरासिटामॉल लिहून देणार, झालं. पोल्ट्रीच्या शेडवर कामाला आहेस का, घरी किंवा शेजारी कोंबड्यांना मर लागलीय का, हे कोण विचारतंय?

आणि हे विचारलं नाही तर पुढचं सगळं लांबतं. ऑसेलटामिवीरची, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर खरा उपयोग, तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाप लागल्यावर सिव्हिलला पाठवून काय होणार. हा रोग माणसाला सहज होत नाही हे खरं, पण २००३ पासून जगात एच५एन१ (बर्ड फ्लूचा विषाणू) झालेली ९०० च्या वर माणसं नोंदली गेलीत आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. आपल्याकडे २०२१ मध्ये हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला, २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी गेली, तिनं कच्चं चिकन खाल्लं होतं.

सोलापूरला हे लांबचं वाटायचं कारण नाही. मार्च २०२५ मध्ये शहरात तलावांच्या आसपास कावळे मरून पडले, भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. शिवाय उजनीवर दरवर्षी बाहेरचे पक्षी येतात, काठच्या प्रत्येक वस्तीवर गावरान कोंबड्या. आणि आपल्याकडची रीत सगळ्यांना माहितीय, कोंबडी मान टाकायला लागली की मरायच्या आत कापायची, पिसं बायका काढणार, पोरं शेजारी बसलेली. (चिकन खाऊ नका असं मी म्हणत नाहीये हो, ७० डिग्रीच्या वर नीट शिजवलेल्याला काही होत नाही, धोका आजारी कोंबडी हाताळण्यात आहे. उगाच पोल्ट्रीवाल्यांचा भाव पडायला नको.)

दुसरं म्हणजे पशुवैद्यकीय दवाखाना आणि ग्रामीण रुग्णालय एकाच रस्त्यावर असून एकमेकांशी बोलत नाहीत. कोंबड्यांचे सॅम्पल गेले की त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरला फोन पाहिजे, इथं पेपरात वाचून कळतं. बाधित ठिकाणापासून १ किलोमीटरमधल्या कोंबड्या मारतात तेव्हा त्या मारणाऱ्या आणि पुरणाऱ्या माणसांवर पुढचे १० दिवस लक्ष ठेवायचं असतं, ते रोजंदारीवरचे, काम संपलं की दुसऱ्या गावाला ऊसतोडीला. त्यांची नावं आणि मोबाईल नंबर रुग्णालयाकडे आधी पाहिजेत.

बाकी खोलीबद्दल एवढंच, तिची खिडकी बायकांच्या वॉर्डच्या पॅसेजमध्ये उघडत नाही ना हे बघा, रात्री किल्ली ड्युटीवरच्या सिस्टरकडे असू द्या, आणि स्टोअरमधले एन-९५ मास्क कोविडच्या वेळचे असतील तर एकदा ओढून बघा, इलॅस्टिक हातात येतं. गोळ्यांची एक्सपायरी पण बघा. घशातला स्वॅब कुणी घ्यायचा आणि बर्फात ठेवून पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) कुणी पोचवायचा हे रविवारी रात्रीसुद्धा ठरलेलं पाहिजे.

तर जिल्हा शल्यचिकित्सक साहेबांना आपल्या पेपरातून विनंती, तापाच्या प्रत्येक केसपेपरवर कोंबड्यांचा तो एक प्रश्न टाका. नवीन छापून यायला सहा महिने लागणार असतील तर रबरी शिक्का करून घ्या, रजिस्ट्रेशनच्या खिडकीवरचा मुलगासुद्धा मारेल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, जि. सोलापूर