एकाच पाइपात तीन सर्किट, अन् अर्थिंगला दोऱ्याएवढी वायर

संपादक साहेब, नमस्कार.

मी सोलापुरात बरीच वर्षं वायरिंगची कामं करतोय. परवा अक्कलकोट रोडकडच्या एका यंत्रमाग शेडमध्ये पाइप उघडला तर आत तीन सर्किटच्या वायरी कोंबलेल्या, इन्सुलेशन कडक होऊन बोटानं तुकडे पडायला लागले, अन् तिन्हीला मिळून हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर फक्त 1 एमएमची (1 चौरस मिलिमीटरची)!

2.5 एमएमची तांब्याची वायर पाइपात एकच सर्किट असलं तर साधारण 24 अँपिअर घेते, पण तीन सर्किट एकत्र आली की वायरी एकमेकींना तापवतात, म्हणून त्याला 0.7 नं गुणायचं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली 45 डिग्री धरलं तर परत 0.79 नं, म्हणजे उरले जेमतेम 13. वर एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद पडणारा स्विच) 20 अँपिअरचा, तो पडायच्या आधी वायरच भाजते.

अर्थिंगला तिन्हीत मिळून एक वायर चालते, पण ती त्यातल्या सगळ्यात जाड फेजच्या (करंट आणणाऱ्या) वायरएवढी पाहिजे, 16 एमएमपर्यंत हाच हिशोब. मालक लोक नेमके इथंच पैसे वाचवतात, फार राग येतो, घामानं ओल्या हातानं कामगार मागाला हात लावत असतात हो. उन्हाळ्याआधी लायसन्सवाल्या वायरमनकडून पाइप उघडून बघा, ही कळकळीची विनंती.

एक वायरमन, सोलापूर