मैत्री दोन ओळीत होत नाही

मा. संपादक, स. न.

माझी मुलगी नववीत आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी आवडत्या सिरीजवर फॅन फिक्शन, म्हणजे त्यातलीच पात्रं घेऊन स्वतःच्या कथा लिहितात, त्यात स्वतःची नवीन पात्रं घालतात आणि मी ते सगळं वाचते, खरंच छान लिहितात. पण एक गोष्ट खटकते, नवीन पात्र आलं की सगळे लगेच त्याचे जिगरी दोस्त. १९७३ मध्ये चाहत्यांनीच काढलेल्या एका अंकात थट्टेने लिहिलेल्या कथेत अशीच सगळ्यांची लाडकी मेरी सू होती, तेव्हापासून असल्या पात्राला तेच नाव पडलंय.

मी लेकीला म्हटलं, अगं तुझी नि तुझ्या मैत्रिणीची मैत्री कशी झाली आठव, तलावपाळीवर भर पावसात एकच छत्री, तिने न विचारता तुझं दप्तर आत ओढलं, स्वतःचा खांदा भिजवला, मग वहीवरून आठवडाभर अबोला. तो अबोला लिही ना! परवा लिहिला तिने, आणि दोन्ही पात्रं एकदम खरी वाटायला लागली, मूळ हिरो त्या सीनमध्ये नव्हताच तरी काही अडलं नाही.

तुमच्या पुरवणीत मुलांच्या अशा लिखाणाला महिन्यातून एक कोपरा द्या, प्लीज.

– एक आई, नौपाडा, ठाणे